फुलमोरनं भट्टी विझवली

त्या गुरुवारी सकाळी फुलमोरच्या चिमणीतून धूर दिसला नाही, तेव्हा लोक रस्त्यावर गाड्या थांबवून विचारायला लागले, कोण गेलं. आमच्या या पी डी नदीकाठच्या सपाट मुलखात गुरुवार ते शनिवार ती चिमणी धुरकटणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. फुलमोरचा बाप वारला त्या आठवड्यात तेवढी ती थंड होती. म्हणून लोकांना तसं वाटलं.

कुणी गेलेलं नव्हतं. अँब्रोज फुलमोर भट्टीघराच्या दारात रिकामी बादली घेऊन उभा होता आणि आतून भिजलेल्या राखेचा वास येत होता. निखाऱ्यांवर त्यानं स्वतःच्या हातानं पाणी ओतलं होतं. अर्धवट भाजलेली अख्खी डुकरं जाळीवर तशीच पडून होती.

मी तेव्हा मागे दुकानाच्या स्वयंपाकघरात होते. मांस भाजायचं फुलमोरनं, ते सत्तुरानं बारीक करायचं त्याच्या बायकोनं, व्हर्नेलनं, आणि भात, कोबी न् हॅश माझ्याकडे, अशी आमची वाटणी. हॅश म्हणजे डुकराचं डोकं, काळीज, बटाटा, कांदा एकत्र रटरटवून केलेलं दाट कालवण. भातावर ते नसलं तर आमच्याकडचा माणूस जेवलोच नाही म्हणतो. मी पातेलं ढवळत होते. फुलमोर आत आला, त्यानं माझ्यापुढची शेगडी बंद केली आणि म्हणाला, "अर्नी, घरी जा. व्हर्नला उद्या दवाखान्यातून सोडतायत."

मी म्हटलं, मग चांगलंच झालं की, शेगडी का बंद केलीस.

"डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं कडक झालीयत तिची. धूर असेल त्या घरात मी तिला पाठवणार नाही, म्हणाला. मी सांगितलं, धूर नसेल."

एवढं बोलून तो बाहेर गेला आणि जमलेल्या लोकांना सांगायला लागला, बंद आहे. आजच का, असं कुणीतरी विचारलं. तो पुढच्या गाडीकडे वळला.

व्हर्नेल मूळची आमच्यातली नव्हती. तिचं माहेर पश्चिमेला, ऑरेंजबर्गच्या बाजूला. गाडीनं दीड-दोन तासांचंच अंतर, पण भाजलेल्या मांसाच्या बाबतीत तो मुलूखच वेगळा. आम्ही अख्खं डुक्कर भाजतो आणि त्यावर व्हिनेगर न् लाल मिरचीचं पाणी मारतो, बाकी काही नाही. त्यांच्याकडे मोहरीचा पिवळा सॉस लागतो. बाहेरच्यांना यात भांडण्यासारखं काय आहे ते कळत नाही. आमच्याकडे यावरून ठरलेली लग्नं मोडलेली आहेत.

फुलमोरला ती चर्चच्या मेळाव्यात भेटली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात बापानं केलेल्या सॉसची भलीमोठी बरणी होती. सासूनं ती बरणी उचलून बाहेर पायरीवर ठेवली, असं सांगतात. पुढे व्हर्नेल स्वतःपुरता सॉस करायची आणि फ्रिजमध्ये दुधामागे ठेवायची. फुलमोरच्या नजरेस पडला की तो भर दुकानात ओरडून विचारायचा, हे काय बाळाच्या लंगोटातून काढलंस का. ती सत्तूर न थांबवता म्हणायची, तुझ्या व्हिनेगरनं मी खिडक्या पुसते. गिऱ्हाइकं हसायची. तिकडच्या बाजूचा एखादा वाटसरू येऊन पिवळा सॉस मागायचा, तेव्हा फुलमोर त्याला हात करून पश्चिमेचा रस्ता दाखवायचा. ही थट्टा वर्षानुवर्षं चालली. नवराबायकोचा लडिवाळपणा आहे, असंच सगळे समजायचे. मीही तेच समजत होते.

जॅनीस, त्यांची मुलगी, लहान असताना ओकच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक रिकामा करताना एक ओंडका घसरून फुलमोरच्या पाठीवर पडला. काही वर्षं त्याला वाकता येत नव्हतं. भट्टी बंद पडणार असं सगळे धरून चालले होते. व्हर्नेलनं काही न बोलता फावडं उचललं. बाहेर लाकूड जाळायचं, त्याचे निखारे फावड्यावर घेऊन आत न्यायचे, डुकराच्या खांद्याखाली न् मांडीखाली जास्त, मध्ये कमी, असे पसरायचे, आणि उष्णता जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचं. भट्टीघराचं छप्पर बुटकं. धूर डोक्याच्या उंचीवर तरंगत राहायचा आणि ती त्यात उभी असायची. फुलमोर घरात खाटेवरून खिडकीतून ओरडून सूचना द्यायचा. ती हो म्हणायची आणि स्वतःला पटेल तसं करायची. त्या वर्षांत मांस बिघडलं असं कुणी म्हणालं नाही. उलट काही म्हातारे चोरून सांगायचे, बाईच्या हाताला जास्त चव आहे.

त्याची पाठ सुधारली, फावडं परत त्याच्याकडे गेलं, पण तिला आत जायची सवय लागलेलीच होती. मग खोकला सुरू झाला. भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकालाच तो असतो, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिनंही नाही.

ती घरी आली तेव्हा फुलमोरनं सगळं धुऊन काढलं होतं. भिंती घासल्या होत्या, पडदे जाळले होते, स्वतःचं जुनं जाकीट फेकून दिलं होतं. ऑक्सिजनचं यंत्र पलंगाशेजारी घरघरत होतं. ती दारात थांबली, नाकातली नळी सरळ केली आणि म्हणाली, "कुणाचं घर आहे हे? साबणाचा वास येतोय नुसता."

मग तिचं लक्ष खिडकीतून चिमणीकडे गेलं.

"आज शुक्रवार ना? भट्टी का थंड आहे?"

फुलमोरनं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. ती पलंगावर बसली, दम खाल्ला आणि मग म्हणाली, "मला विचारलंस?"

"व्हर्न, डॉक्टरनं सांगितलं तर..."

"मी डॉक्टरचं विचारत नाहीये. तू पडून होतास तेव्हा ती भट्टी कुणी जिवंत ठेवली? तुझा बाप उठून आला होता का? मला विचारलंस का, फुलमोर?"

रविवारपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. जे काही सांगायचं ते मला सांगायची, तो शेजारी उभा असला तरी. अर्नी, त्याला सांग खिडकी लाव. अर्नी, त्याला सांग मला पाणी नको.

पण तो हटला नाही. लोकांनी खूप सांगून पाहिलं. चर्चमधले म्हणाले, भट्टी शेताच्या पलीकडच्या टोकाला हलवू, आम्ही सगळे मिळून बांधून देतो. तो म्हणाला, वारा कुणाच्या बापाचा नाही. धंद्याला कंटाळला होता, बायकोचं निमित्त झालं, असंही काहीजण बोलले. ते त्याच्या कानावर गेलं.

शरद ऋतू संपता संपता व्हर्नेलचं खाणं सुटलं. जॅनीस शार्लटहून यायची, सूप करायची, खीर करायची. व्हर्नेल दोन चमचे घेऊन ताट सरकवायची. आईची हाडं दिसायला लागली म्हणून पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. एका शनिवारी मी व्हर्नेलचे केस विंचरत होते. ती म्हणाली, धुरावरच्या मांसाचा एक घास मिळाला तर खाईन बहुतेक. खांद्याजवळचा. फुलमोर दारातच होता. त्यानं खुंटीवरची टोपी घेतली आणि ट्रक काढला.

तो गॅम्बलच्या भट्टीवर गेला. गॅम्बलची भट्टी हमरस्त्यावर, आमच्यापासून फार लांब नाही, पण दोघांच्या बापांपासून वैर होतं आणि फुलमोरनं जन्मात तिथलं काही तोंडात घातलेलं नव्हतं. तो रांगेत उभा राहिला तेव्हा पुढचे-मागचे बोलायचे थांबले, असं नंतर कुणीतरी मला सांगितलं. गॅम्बल स्वतः खिडकीपाशी आला आणि एवढंच विचारलं, व्हर्नेलसाठी का. फुलमोर हो म्हणाला. गॅम्बलनं खांद्याचं मांस बांधलं, वर कुरकुरीत कातडीचे तुकडे जास्तीचे घातले.

व्हर्नेलनं चार-पाच घास खाल्ले. मग म्हणाली, "मिरची जास्त झालीय. पण मन लावून भाजतो गॅम्बल."

त्या दिवसापासून फुलमोरला तोच छंद लागला. दर शनिवारी तो ट्रक घेऊन निघायचा. उत्तरेला हद्द ओलांडून पलीकडच्या राज्यात गेला, तिथलं अगदी बारीक केलेलं मांस कोबीसकट घेऊन आला. पुढच्या खेपेला तिथूनही पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला गेला. तिथे अख्खं डुक्कर भाजतच नाहीत, नुसते खांदे भाजतात, आणि सॉसमध्ये टोमॅटो घालतात. व्हर्नेल ते चाटून म्हणाली, हे लहान मुलांसाठी केलंय का. शार्लटमध्ये टेक्सासचा एक तरुण गाईचं मांस धुरावर ठेवतो असं जॅनीसनं सांगितलं, तर तेही आणलं. व्हर्नेलनं सावकाश चावलं, विचार केला. "गाय आहे," ती म्हणाली. "चांगली गाय आहे. पण गायच."

तो समोर खुर्ची घेऊन बसायचा आणि विचारायचा, लाकूड कुठलं सांग. ती डोळे मिटून सांगायची, ओक आहे, हिकरी नाही, आणि घाई केलीय, निखाऱ्याऐवजी ज्वाळेवर ठेवलंय. मग तिनं उरवलेलं तो खायचा. आयुष्यभर स्वतःच्या भट्टीशिवाय कशाला हात न लावलेला माणूस, परक्या गावच्या डब्यातलं उष्टं बोटांनी निपटून खायचा. त्या हिवाळ्यात दोघं जितकी हसली, तितकी दुकानात कधी हसलेली मी पाहिली नव्हती. हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची आणि तो यंत्राचा आकडा वाढवायला धावायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. सगळ्या दिशांना जाऊन आला, ऑरेंजबर्गच्या रस्त्याला तो लागत नव्हता. मी एकदा तसं बोलून दाखवलं. "तू तुझा भात बघ," तो म्हणाला. पण पुढच्या शनिवारी गेला तो तिकडेच.

तिचा भाऊ क्लिओफस अजून माहेरच्या गावात होता. त्यांच्या चर्चनं त्या दिवशी मांस भाजलं होतं, त्यातलंच त्यानं बांधून दिलं. फुलमोरनं ते ताटात वाढलं. भात, त्यावर त्यांच्याकडचं हॅश, बाजूला मांस, आणि सगळ्यावर पिवळा सॉस. ताट तिच्या मांडीवरच्या पाटावर ठेवून तो खुर्चीत बसला. आता ती काहीतरी बोलणार, या तयारीनं.

तिनं खायला सुरुवात केली आणि ती खातच राहिली. सावकाश, मध्ये मध्ये दम घेत, पण थांबली नाही. पावाच्या तुकड्यानं तिनं ताट पुसून घेतलं. कित्येक महिन्यांत तिनं ताट संपवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी भांडी घासत होते. बाहेर जावं असं वाटलं, पण नळ बंद केला असता तर त्यांना मी ऐकतेय हे कळलं असतं, म्हणून तशीच उभी राहिले.

"एवढं आवडायचं तुला हे?" फुलमोरनं विचारलं.

"त्याच्यावरच वाढलेय मी."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले की. दरवेळी बोलले. तू हसायचास. लोक हसायचे. मग मीपण हसायला लागले."

फुलमोरनं तिच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग तीच म्हणाली, "फुलमोर, मला तिकडे ने."

"जरा बरी हो. उन्हं वाढली की जाऊ."

"बरी होण्याचं नाही म्हणत मी. नंतरचं म्हणतेय. मला माझ्या आईपाशी ठेव."

त्याला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा आवाज लहान झाला. तो म्हणाला, इथे बापाशेजारी आपली जागा आहे, दगड उभा आहे, तुझं नाव कोरलंय त्याच्यावर.

"मला विचारून कोरलं होतंस?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच आठवत नसल्यासारखं विचारलं तिनं.

फुलमोर उठून बाहेर गेला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. गाडी सुरू केली नाही, नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. दिवे लागायच्या वेळी आत आला, तिच्या पायांवरची गोधडी नीट केली आणि म्हणाला, "बरं."

त्यानंतर तो दर शनिवारी तिकडेच जायला लागला. सकाळी निघायचा, दुपारी यायचा. तिचं खाणं पुन्हा कमी होत गेलं, तरी जायचा. शेवटी शेवटी ती नुसता सॉस बोटावर घेऊन जिभेला लावायची.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी तिच्यापाशी होते. तिनं खिडकी उघडायला सांगितली. बाहेर डॉगवूडची झाडं फुलांनी पांढरी झाली होती आणि लांब कुणीतरी शेतातला पाला जाळत होतं. मी खिडकी परत लावायला गेले तर म्हणाली, राहू दे. तिनं नाकातली नळी जराशी बाजूला केली आणि श्वास घेतला, जेवढा घेता येत होता तेवढा. खोकला आला. तो थांबला तशी म्हणाली, पाइनच्या काटक्या आहेत, भाजायला उपयोगाच्या नाहीत. मग तिनं विचारलं फुलमोर निघाला का तिकडून. मी म्हटलं, येईलच आता. तिला झोप लागली. मी तिचा हात हातात घेऊन बसले होते, आणि तो हात कधी जड झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही. यंत्र चालूच होतं. बऱ्याच वेळानं मी उठून ते बंद केलं.

ट्रक अंगणात आल्याचं ऐकू आलं. फुलमोर पायऱ्या चढला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. जाळीच्या दारातून मला तो दिसत होता. यंत्राचा आवाज नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मी दार उघडलं. त्यानं कागदात बांधलेला डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"गरम आहे अजून," तो म्हणाला.

मी तो त्याच्या हातून घेतला आणि त्याला आत जाऊ दिलं.

तिला ऑरेंजबर्गच्या बाजूला न्यायचं म्हटल्यावर फुलमोरच्या नातेवाइकांत मोठं वादळ झालं. बायको नवऱ्यापाशी असते, माहेरी नाही, म्हणाले. त्याची थोरली बहीण ओडेसा, जिनं आई कामावर असताना त्याला वाढवलं होतं, तिनं फोनवर सांगितलं, मी येणार नाही, आणि खरंच आली नाही. फुलमोरनं कुणाशी वाद घातला नाही. तो म्हणाला, "जन्मभर माझ्या घरात राहिली. आता जाऊ दे तिला." ओडेसा त्याच्याशी बोलायची बंद झाली.

भट्टी त्यानं परत पेटवली नाही. आता धुरानं कुणाला त्रास होणार होता, असं लोक विचारायचे आणि मग स्वतःच ओशाळायचे. जॅनीस म्हणाली, डॅडी, गॅसवर करू, मी नोकरी सोडून येते. त्यानं तिला परत पाठवलं. मला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. त्याला मी संध्याकाळी डबा नेऊन द्यायची. शनिवारी तो घरी नसायचा. कबरीशेजारी खुर्ची टाकून बसायचा, मग क्लिओफसकडे जेवायचा. क्लिओफसच्या मनात त्याच्याबद्दल फारसं प्रेम नव्हतं. बहीण माहेरी आली की किती गप्प असायची ते त्यानं पाहिलं होतं. पण जेवू घालायचा.

एका शनिवारी मी बरोबर गेले होते. जेवताना फुलमोरनं विचारलं, मला इथे जागा मिळेल का.

क्लिओफसनं काटा खाली ठेवला. "तिची ओळ भरलीय," तो म्हणाला. "एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला मावशी. कुंपणापाशी एक जागा आहे, पण तिथे पावसाचं पाणी साचतं."

"चालेल," फुलमोर म्हणाला.

"तुझ्या बापाशेजारी चांगली कोरडी जागा आहे की तुझी."

"चालेल म्हटलं ना."

क्लिओफसनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात फुलमोर झोपेत गेला. सकाळी आदल्या रात्रीचा रिकामा डबा आणायला गेले तेव्हा मलाच कळलं. आम्ही त्याला घेऊन गेलो तेव्हा आदल्या दिवशी पाऊस झाला होता. क्लिओफसच्या चर्चमधल्या माणसांनी चिखलावर फळ्या टाकून ठेवल्या होत्या आणि खड्ड्यातलं पाणी उपसून काढलं होतं. कुंपणापासून व्हर्नेलची कबर दिसत नाही. मध्ये एक सीडरचं झाड आहे आणि मावशीचा मोठा दगड. झाडाच्या फांद्या तरी छाटता येतील का, असं जॅनीसनं मामाला विचारलं. तो बघतो म्हणाला.

प्रार्थना सुरू व्हायच्या आधी एक गाडी आली आणि तिच्यातून ओडेसा उतरली. नव्वदीच्या घरातली बाई, दोन्ही बाजूंनी नातवांनी धरलेली. आम्ही वाट करून दिली. ती फळ्यांवरून हळूहळू चालत कडेपर्यंत गेली, वाकता येत नव्हतं म्हणून नातवानं तिच्या हातात माती दिली. तिनं ती बराच वेळ मुठीत धरून ठेवली.

"इतक्या लांब कशाला आलास रे," असं ती खाली बघून म्हणाली, आणि मूठ सोडली.